झडतीचा शेवटचा शनिवार

गोखिवऱ्याच्या त्या कपड्यांच्या कारखान्यात बायकांची झडती रोज साडेपाचला व्हायची. पत्र्याचा आडोसा, आत क्लेमेंटीन आणि तिचे गार हात. क्लेमेंटीन तशी वाईट नव्हती. बिचारीला पगारच दुसरीच्या पोलक्यात हात घालण्याचा मिळत होता. पण पापडीच्या मटिल्डाला अकरा वर्षांत त्याची सवय झाली नाही ती नाहीच. घरी पोचली की ती आधी अंग धुवायची, मग चुलीकडे वळायची.

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात शेठनं परदेशी गिऱ्हाइकाकडून आलेलं गेट दारात बसवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. दोन उभे खांब आणि मध्ये वाट, बस. तिकडच्या दुकानांतून माल चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक फ्रॉकला इथेच एक चपटी प्लॅस्टिकची टिकली टोचायची. टिकलीच्या पोटात तारेचं वेटोळं. खांबांतून रेडिओच्या लहरी निघतात, टिकली त्यांना ओ देते आणि गेट बोंबलतं. टिकली काढायचं चुंबक शेठच्या कपाटात, कुलपात.

मटिल्डा तडक शेठसमोर उभी राहिली. "शेठ, मशीन झडती घेणार, तर बाईचे हात कशाला?"

शेठला गंमत वाटली. "ठीक आहे. आठवडाभर झडती बंद. शनिवारी माल मोजू. एक पीस जरी कमी आला, तर मशीन परत. आणि मग झडती अशी होईल की आजवरची बरी वाटेल."

पाच दिवस सुखात गेले. गेट एकदाच बोंबललं, तेही मालाची मोजणी करणाऱ्या फ्रेडरिकवर. खिशात टिकली विसरला होता; बायका दिवसभर हसत होत्या. फक्त बुधवारी शेजारच्या शिलाई मशीनवरची विनी, पाचूबंदरची, कानात कुजबुजली होती, "बाय, एक टिकली माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात पडलेली. घरी गेल्यावर दिसली. गेट गप्पच!" स्टीलच्या बंद डब्यातून लहरी जात नव्हत्या तर! मटिल्डानं तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि स्वतःही ठेवलं.

शनिवारी साडेपाचला रांग लागली. गेटापाशी शेठ, आत फ्रेडरिकची मोजणी चाललेली. विनी मटिल्डाच्या पुढेच होती. तिच्या हातातल्या डब्याच्या झाकणाखाली पांढऱ्या लेसचं टोक मटिल्डाला दिसलं.

"विनी, काय केलंस हे?"

"गप ना, बाय. उद्या देवळात माझ्या लुसीचं पयलं कम्युनियन हाय, फादरच्या हातचा पयला प्रसाद. नवरा दर्यावर. सगल्या पोरी पांढऱ्या फ्राकात, नि माझी कोनत्या तोंडानं जाईल?"

"मागायचं होतंस कुणाकडे तरी!"

विनी रडकुंडीला आली. तेवढ्यात आतून फ्रेडरिक ओरडत आला. "शेठ, एक पीस कमी!"

शेठनं रांग थांबवली. "चाळीस जणी बाहेर गेल्या आणि गेट गप्प. म्हणजे मशीन फुकट. क्लेमेंटीन, आडोशात जा. एकेक बाई, सगळं उतरवून."

रांगेतली म्हातारी हिल्डा भिंतीला टेकून खालीच बसली. मटिल्डाला विनीचा असा राग आला की कानाखाली वाजवावीशी वाटली. अकरा वर्षांनी लाभलेला एक आठवडा या बयेनं डब्यात कोंबला होता! फ्रॉक जमिनीवर टाकून भागणार नव्हतं. मशीन आंधळंच ठरलं असतं. फ्रॉक गेटनंच पकडायला हवा होता. विनीला पुढे ढकलावं? पहिल्याच प्रश्नाला तिनं डब्याची भानगड ओकली असती, आणि मग त्या गेटाला कोण विचारतो?

मटिल्डानं पदराआड डबा उघडला, फ्रॉक ओढून आपल्या कापडी पिशवीत घातला आणि झाकण दाबून डबा विनीच्या हातात दिला. कुणाला काही कळायच्या आत ती रांग सोडून चालू लागली.

"ए, थांब!" शेठ ओरडला.

ती थांबली नाही. खांबांच्या मध्ये पाऊल पडलं आणि गेटनं असा टाहो फोडला की पलीकडच्या गाळ्यातले कामगार धावत आले. शेठनं पिशवीतून फ्रॉक ओढून काढला.

"तू? अगं, तूच तर..."

"मीच, शेठ. मशीन खरं निघालं."

शेठनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गेटाकडे. गेटाकडे पाहताना त्याचा चेहरा फुलला होता. "जुनी बाई म्हणून पोलिसांत देत नाही. सोमवारपासून येऊ नकोस."

"आणि झडती?"

"चोर तर मशीननं पकडला. झडती बंद."

मटिल्डा रस्त्याकडेला जाऊन उभी राहिली. एकेक बाई गेटातून बाहेर पडत होती, अंगाला कुणाचा हात न लागता. आणि तिच्याजवळून जाताना प्रत्येकीनं मान फिरवली. हिल्डा तर म्हणालीसुद्धा, "आमच्यासाठी भांडायचं सोंग, आणि हे धंदे!"

मागून विनी आली, डोळे सुजलेले. "मी आत्ता जाते, शेठला खरं काय ते सांगते."

"डब्याचंही सांगावं लागेल मग. सोमवारी पुन्हा आडोसा." मटिल्डानं तिचं मनगट घट्ट धरलं. "मरेपर्यंत बोलायचं नाही, कळलं?"

"पन उद्या गावभर व्हईल, बाय. देवळात सगल्या तुझ्याकडं बघतील."

"बघू देत," मटिल्डा म्हणाली. "हात तर लावणार नाहीत."