दोन चाकांचा ढवळ्या

थांबा, थांबा! गोठ्यात शिरलाच आहात तर जरा उजवीकडे बघा. कडब्याच्या पेंढ्यांमागे बेगड लावलेली दोन शिंगं दिसतात ना? ती शिंगं नाहीत, माझं हँडल आहे. मी कडूबा माळ्याची सायकल बोलतेय. सगळं डोणगाव मला ढवळ्या म्हणतं आणि बैल समजतं. त्यात माझा काडीचाही दोष नाही.

माझा जन्म विलायतेचा. तिथल्या कारखान्यात मला काळा रंग दिला, वर सोनेरी रेघा ओढल्या आणि पेटीत घालून बोटीवर चढवलं. मुंबईहून आगगाडीनं मी मलकापूरला उतरले. शाळा तपासणाऱ्या एका साहेबानं मला घेतलं. तो विजारीला चिमटा लावून माझ्यावर बसायचा, दर रविवारी चेनवर तेलाचे तीन थेंब सोडायचा आणि अंगठ्यानं चाकं दाबून हवा बघायचा. बस्स. सायकलीला एवढंच लागतं हो! पण डोणगावात हे ऐकतो कोण?

साहेबाची बदली झाली. बायको-पोरं, खाटा, हंडे बैलगाडीत आणि साहेब माझ्यावर, अशी आमची वरात निघाली. डोणगावच्या शिवेवर गाडीचा एक बैल बसला तो उठेचना. साहेबाची बायको भर रस्त्यात रडू लागली. तेवढ्यात शेजारच्या वांग्याच्या मळ्यातून कडूबा आला. माझ्यावर त्याची नजर पडली आणि तिथंच खिळली. साहेबाला बैल पाहिजे होता, कडूबाला मी. अर्ध्या तासात कडूबाच्या जोडीतला ढवळ्या बैल साहेबाच्या गाडीला जुंपला गेला आणि मी कडूबाच्या घरी आले. घरात कोणाला विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

दारात त्याची आई उभी होती, अन्नपूर्णाबाई.

"ढवळ्या कुठी हाय रे?"

"हाच ढवळ्या समज, आई. त्याच्या जागी हाच आनला."

बोलायला काय जातं! पण म्हातारीनं ते खरंच धरलं. माझ्या दोन्ही चाकांवर पाणी ओतलं, कुंकू लावलं आणि ढवळ्याच्याच खुंट्याला, त्याच्या जोडीदार पवळ्याच्या शेजारी मला दाव्यानं बांधलं. पुढ्यात भिजवलेली सरकी ठेवली. सकाळी सरकी तशीच. "नवी जागा हाय, बिचकलं जनावर. खाईन हळूहळू," म्हणून तिनं ती पवळ्याकडे सरकवली. पवळ्यानं माझी जात पहिल्याच दिवशी ओळखली होती. पण रोज दुप्पट सरकी मिळत असेल तर कोण कशाला तोंड उघडतो?

चिडली ती रुख्मिणी, कडूबाची बायको. तिला सातवा लागला होता आणि तिचा भाऊ गाडी घेऊन तिला माहेरी न्यायला आला होता. माहेर जळगाव जामोदचं, पार पूर्णेपलीकडे. गाडीत चढता चढता ती थांबली.

"जोडी मोडली तुमी. मले एका शब्दानं इचारलं नाही."

"अवं, याच्यावर बसवून आनीन तुले! मडमेसारखी!"

"मंग तेच घेऊन या. ज्याच्यापायी जोडी मोडली, ते घेऊनच दारात या. महालक्ष्म्या बसायच्या आत आले तर येतो मी. नाही तर मी आन लेकरू तिकडंच राहू. तुमी बसा सायकलले पेंड चारत."

रुख्मिणी बोलली की करतेच, हे कडूबाला चांगलं ठाऊक होतं. त्याचा चेहरा असा उतरला की मलाही वाईट वाटलं.

पुढचे काही दिवस माझ्या सुखाचे गेले. कडूबा रोज वांग्यांची टोपली बांधून मला मेहकरच्या बाजारात न्यायचा, येताना आम्ही रिकामे, वारं खात यायचो. पण मग हिंमतराव सुतारानं मला पाहिलं. हिंमतरावानं आयुष्यभर बैलगाड्या केल्या होत्या. जगातली कुठलीही वस्तू त्याला अर्धवट राहिलेली बैलगाडीच वाटायची.

"जळगाव जामोद म्हंजे लंबा पल्ला हाय, कडूबा. अशी उघडीनागडी नेशीन का बे याले?"

झालं! त्यानं मागे बाभळीच्या लाकडाचं कॅरियर ठोकलं, त्याला गाडीसारख्या चार खुंट्या लावल्या. वरती छत्री उभी केली. पुढे कंदील, बाजूला पाण्याचा डेरा, सीटवर गोणपाटाची गादी. चेनला गाडीच्या आसाचं काळंकुट्ट वंगण असं थापलं की त्यात माशा चिकटून मरू लागल्या. बाभळीचा काटा लागून हवा गेली, तर या बाबानं ट्यूब बाहेर फेकून टायरमध्ये रुई, म्हणजे पिंजलेला कापूस, ठासली. म्हणे, "आता काटा लागो का खिळा, फिकीर नाही." अहो, मी हवेवर पळणारी! माझी पार गादी करून टाकली.

चैत्रात एका कासारणीबरोबर निरोप आला. मुलगी झाली होती. कडूबा गोठ्यात येऊन माझ्या हँडलवर डोकं ठेवून रडला, आनंदानं. आणि हिंमतरावानं लगेच हँडलला झोळी टांगायचं काम काढलं. दर आठवड्याला कडूबा "आता निघतो" म्हणायचा, दर आठवड्याला हिंमतरावाला एक नवी उणीव सापडायची. श्रावण आला तोवर मी पवळ्याएवढी जड झाले होते. कडूबा वर बसला की दोन माणसांनी ढकलल्याशिवाय मी हलत नव्हते.

आणि आला पोळा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळतात. अन्नपूर्णाबाईनं पवळ्याचा खांदा मळला आणि लोण्याची वाटी घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

"हिंमत, याचा खांदा कुठी हाय रे?"

हिंमतरावानं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मिशीवर हात फिरवला. "ज्याच्यावर ओझं पडते, तो खांदा. म्हंजे चाकं."

सायकलीचा ब्रेक चाकाच्या कडेलाच तर धरतो! म्हातारीनं दोन्ही चाकांच्या कडा, ब्रेकचे रबर, सगळं लोण्यानं माखून काढलं. किती मायेनं मळत होती! मग हात जोडून म्हणाली, "ढवळ्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी ओरडून सांगणार होते, पण माझी घंटी हिंमतरावानं काढून तिथं घुंगूरमाळ बांधली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर झूल, हँडलला हिंगूळ आणि बेगड, कंदिलावर बाशिंग. करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी, जळगावला निघायचं म्हणून सगळा सरंजाम चढवलेलाच होता. मळ्यातून वेशीकडे उतार. मला हातानं धरून उतरवणं जमेना, म्हणून कडूबा वर बसला.

खाली वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. तोरणाखालून पहिला जायचा मान भगवंतराव पाटलांच्या बैलाचा, पिढ्यान् पिढ्या. पाटील फेटा बांधून बैलाची दोरी धरून उभे होते. डफडं वाजत होतं. तेवढ्यात कडूबानं ब्रेक दाबला.

लोणी!

"सरका, सरका बे! थांबून नाही राह्यला हा!" कडूबा बोंबलत होता. बैल उधळले, माणसं गटारात उड्या मारू लागली, आणि मी पाटलांच्या फेट्याला घासून तोरणाखालून गेले. तोरण छत्रीत अडकून तुटलं ते घेऊनच मी उकिरड्यात शिरले.

मारुतीच्या पारावर तिथल्या तिथं न्याय बसला. मला मधे उभं केलं.

"हे बैल हाय का, कडूबा?" पाटलांनी विचारलं.

"नाही, पाटील. सायकल हाय. चुकी झाली."

"काऊन खोटं बोलतं रे?" म्हातारी गर्दीतून पुढे आली. "काल मी याले आवतन देल्लं. आवतन काय लोखंडाले देतेत का?"

"खांदा म्या सोता दाखवला," हिंमतराव म्हणाला.

पाटील विचारात पडले. लोखंडानं मान नेला म्हटलं तर सात गावांत हसू. बैलानं नेला म्हटलं तर निदान बैलच होता. त्यांनी घसा खाकरला.

"बैल हाय! आन मानाचा बैल हाय. मानाच्या बैलाच्या पाठीवर पुढच्या पोळ्यापावतर कोनी बसायचं नाही, ओझं लादायचं नाही. बसशीन, कडूबा, तर तुह्या घरी महालक्ष्म्याले गावातलं एक मानूस जेवाले येनार नाही."

असला नियम पाटलांच्या आज्यालाही माहीत नव्हता. पण पारावर बोललेला शब्द तो शब्द. महालक्ष्म्यांना सात दिवस उरले होते. रुख्मिणीनं सांगितलं होतं, सायकल घेऊनच या. आणि सायकलीवर बसायची बंदी!

कडूबा त्या रात्री जेवला नाही. करीच्या दिवशी उजाडताच त्यानं मला सोडलं, दाव्याची दोरी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. पायी! मी मागून घरंगळत. मेहकर गेलं, खामगाव गेलं, नांदुरा गेलं. लोक थांबून बघायचे. पूर्णेच्या नावेत नावाड्यानं विचारलं, "किती जन?" कडूबा म्हणाला, "एक मानूस, एक बैल." नावाडी बैलासाठी बराच वेळ खोळंबला.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही जळगाव जामोदला पोचलो. रुख्मिणी अंगणात होती, कडेवर लेक. तिनं कडूबाचे सुजलेले पाय बघितले, मग मला. झूल, डेरा, छत्रीला लटकलेलं वाळकं तोरण.

"सायकल असून पायी काऊन आले?"

त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली, लेकही हसली. मग एकाएकी थांबून म्हणाली, "अहो, पन डोनगावच्या शिवेबाहेर पाटलाचा हुकूम चालते का? शीव ओलांडली की बसायचं होतं ना!"

मी मनात म्हटलं, घ्या! चार दिवस मीही हेच म्हणत होते.

 कडूबा मान खाली घालून म्हणाला, "ते समजलं होतं मले. पन ढवळ्याले देताना तुले इचारलं नाही मी. म्हटलं, तेवढं तरी चालावं."

 रुख्मिणीनं गरम पाणी आणून त्याच्या पायांवर ओतलं. तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगते, मला तेव्हा आपण सायकल असल्याचा पहिल्यांदा राग आला.

सकाळी तिनं पदर खोचला. डेरा, छत्री, कंदील, झूल काढून टाकली. राखेनं चाकांचं लोणी घासलं, रुई उपसून बाजारातल्या सायकलवाल्याकडून नव्या ट्यूबा बसवून घेतल्या, चेन पुसून तेलाचे थेंब सोडले. तीनच! कॅरियर आणि झोळी मात्र ठेवली, एवढं श्रेय हिंमतरावाला द्यायलाच हवं. आणि मग आम्ही चौघं निघालो. नांदुऱ्याच्या सडकेवर मी अशी पळाले म्हणता! तिसऱ्या दिवशी डोणगावची शीव आली तशी लेकीला घेऊन दोघं उतरली आणि कडूबानं दोरी धरली. महालक्ष्म्या त्याच संध्याकाळी बसल्या. दुसऱ्या दिवशी गाव जेवायला आलं, पाटीलसुद्धा.

याला बारा वर्षं झाली. नवा बैल आला, पवळ्याला जोडीदार मिळाला. दर पोळ्याला मी अजून सगळ्यांत पुढे असते. अन्नपूर्णाबाई मात्र रोज माझ्यापुढे सरकी ठेवायची, रोज ती उरायची, आणि रोज म्हातारी म्हणायची, खाईन हळूहळू. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हाही विचारायची, "ढवळ्यानं खाल्लं का व?"

एक दिवस रुख्मिणी गोठ्यात आली. माझ्यापुढची सरकी तिनं ओंजळीनं पवळ्याला घातली आणि रिकामं टोपलं म्हातारीला नेऊन दाखवलं. "खाल्लं, आत्याबाई. सगळं खाल्लं त्यानं." त्या दिवशी म्हातारीही पोटभर जेवली.

म्हातारी गेली, पण रुख्मिणी अजून सरकी ठेवते. तेव्हा पाहुणे, आलाच आहात तर दोन कामं करा. माझ्या चेनवर तीन थेंब तेल सोडा, लोणी नको. आणि हे टोपलं तेवढं शेजारच्या बैलापुढे रिकामं करा. रुख्मिणी बघायला येईलच आता.