गुडघ्याएवढी छाटणी

सुतारकाका पहिल्यांदा आले तेव्हा रोपवाटिकेच्या काउंटरसमोर चार जण उभे होते, आणि खरं सांगायचं तर ते चार जण होते म्हणूनच मी इतकी छान बोलले.

काकांची तक्रार साधी होती. घराच्या मागच्या भिंतीवर क्लेमॅटिसची नऊ वर्षांची वेल. फुलं भरपूर, पण सगळी वर, छपराला टेकून. खिडकीपाशी नुसत्या काड्या.

"आमची मंडळी त्या खिडकीशीच असते," ते म्हणाले. "कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून तिला अंगणात उतरता येत नाही. फुलं जरा खाली आणता येतील का?"

"अगदी सोपं आहे," असं म्हणून मी कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, जाड डोळ्यांची, म्हणजे कोंबांची, जोडी बघून तिच्या बोटभर वर काप घ्यायचा. हिवाळा संपायच्या आत. मग खालून नवी फूट येईल आणि फुलंही खालपासूनच लागतील. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मला तेव्हा सात महिने झाले होते. रांगेतल्या एका बाईंनी माझ्या चित्राचा फोटो काढला.

मागे कुंड्या रचत असलेले मामा, आमच्याकडचे सगळ्यात जुने कामगार, म्हणाले, "शास्त्रज्ञबाई, कधी फुलते ते विचारलंत का?"

"मामा, गिऱ्हाईक खोळंबलंय," मी म्हणाले. रांगेतले दोघं हसले.

क्लेमॅटिसच्या बाबतीत आधी विचारायचा असतो तो एवढाच एक प्रश्न. उन्हाळ्यात फुलणाऱ्या वेली त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात. त्या खाली कापल्या की उलट खूश होतात. थंडी सरता सरता फुलणाऱ्या वेलींच्या कळ्या मात्र आदल्या वर्षीच्या काड्यांवर आधीच तयार होऊन बसलेल्या असतात. त्यांची हिवाळ्यात छाटणी करायची म्हणजे त्या वर्षाची फुलं कापून फेकायची. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. पूर्ण गुण मिळाले होते.

काका परत आले ते झाडं पालवून गेल्यावर. मोबाइल पुढे धरला. भिंत हिरवीगार.

"पानं बघा, नुसता धुमाकूळ. पण फूल एक नाही."

मी तेव्हा विचारलं. "एरवी कधी फुलते हो?"

"थंडी हटली की. आमच्या गल्लीत सगळ्यात आधी तीच."

माझे कान तापले. मामा चार पावलांवर पाइप धरून उभे होते. त्यांनी पाणी दुसऱ्या कुंडीकडे वळवलं.

काकांनीच मला वाट करून दिली. "मी जाऊन मोजलं. बेचाळीस सेंटिमीटरवर कापलंय. आता गुडघा म्हणजे तुमचा की माझा, तिथे काही घोळ झाला का? जरा खाली गेलं असेल का?"

"हो," मी म्हणाले. "पन्नास हवं होतं."

हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. विचार करायच्या आत तो तोंडातून निघाला होता, आणि ऐकायला अगदी बरोबर वाटत होता.

"आठ सेंटिमीटर," काका म्हणाले. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "आठ म्हणजे फारच झालं." मग मलाच म्हणाले, "माफ करा हं, तुम्ही इतकं नीट काढून दिलं होतं."

ते गेल्यावर मामांनी पाइप गुंडाळत विचारलं, "पन्नास हे कुठल्या पुस्तकात असतं?"

मी टोपल्यांवर चिठ्ठ्या लावत राहिले. पुढचे नऊ दिवस मी स्वतःशी असा हिशोब मांडला की एका वर्षाची फुलं गेली, वेल जिवंत आहे, पुढच्या वर्षी फुलेल, म्हणजे नुकसान तात्पुरतं आहे. हिशोबात चूक नव्हती. तरी मामा जवळून गेले की माझी मान खाली जायची. दहाव्या दिवशी मी खताची एक पिशवी घेतली आणि काकांच्या घरी गेले. ठरवलं होतं की वेल बघायची, खत द्यायचं, पुढे काय करायचं ते सांगायचं. बाकीचं, जमलं तर.

काका घरात नव्हते. मागच्या खोलीत काकू खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. खिडकीबाहेर पानांची गर्दी.

"या, तुम्हीच का त्या चित्रवाल्या?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं हा माणूस लाकूड कापतोय आणि एक वेल धड कापता येईना. मी चार दिवस फुगून बसले. शेवटी म्हटलं, जाऊ दे, बोलायला दुसरं आहे कोण घरात!"

मी हसले. खताची पिशवी अजून हातातच होती.

"वेलीचं मला काही वाटत नाही हो," त्यांचा आवाज उतरला. "पण शेजारचे मास्तर खिडकीची चौकट करून मागत होते, यांनी नको म्हणून सांगितलं. म्हणे माप जायला लागलं हातातून. आठ सेंटिमीटर चुकलो, उद्या कुणाचं लाकूड वाया घालवीन. रविवारी करवती भाच्याला देणार आहेत. रंधा आधीच पुसून ठेवलाय. काम सोडलं तर हा माणूस करणार काय सांगा? माझ्या उशा मोजणार?"

तेवढ्यात काका आले. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

"काका, माप चुकलं नव्हतं," मी म्हणाले.

ते हसले. समजूत घालायला आलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं.

"खरंच नव्हतं. बेचाळीस काय आणि साठ काय. ती वेल तेव्हा कापायलाच नको होती. फुलं जुन्या काड्यांवर येतात. कधी फुलते हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"आणि पन्नास?"

"ते मी मनानं सांगितलं."

"मनानं," काका म्हणाले. ते स्टुलावर बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघू लागले.

मी घाईघाईनं पुढचं सांगितलं, कारण ते मला येत होतं. यंदाच्या फुटीला कात्री लावायची नाही, पुढची फुलं तिच्यावरच येणार. काड्या सरळ वर जाऊ द्यायच्या नाहीत, खिडकीच्या उंचीला आडव्या बांधायच्या. आडव्या काडीवर फूल जास्त धरतं. मुळाशी ऊन लागू द्यायचं नाही. कापायचंच तर फुलून गेल्यावर लगेच, आणि तेही थोडंच.

"एवढं सगळं येतं तुम्हाला," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मग यांच्याकडे बघून ते पन्नास कसं काय आलं हो तोंडात?"

लाज वाटली, एवढंच माझं उत्तर होतं, आणि त्या खोलीत ते फारच लहान दिसलं असतं.

काका उठले. "मला सांगितलंत, बरं केलंत. पण मास्तरांना मी काय सांगितलंय माहीत आहे? की मी आता म्हातारा झालो. ते काही मी परत जाऊन फिरवणार नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर, तुम्हीच सांगा त्यांना."

मास्तरांनी दार उघडलं. हातात पेपर, चष्मा कपाळावर. काका एक पायरी खाली थांबले.

"सर, क्लेमॅटिसच्या मुख्य दोन तऱ्हा असतात," मी सुरुवात केली. मास्तर लक्ष देऊन ऐकू लागले, आणि मला माझा काउंटरवरचा आवाज ऐकू आला. तोच, रांग बघून येणारा. मी थांबले.

"काकांचं माप बरोबर होतं," मी म्हणाले. "चूक मी केली होती. ती झाकायला मी त्यांना खोटा आकडा सांगितला, आणि तो त्यांनी खरा धरला."

मास्तरांनी चष्मा खाली ओढून आधी मला पाहिलं, मग काकांना. "म्हणजे चौकटीला तुम्ही नाही म्हणालात ते यामुळे?"

काका माझ्याकडे न बघता एक पायरी वर आले. "सकाळी येऊन माप घेतो," ते म्हणाले. "पण लाकूड आधी मला दाखवा. मागच्या वेळी कसलं आणलं होतंत, आठवतंय ना?"

"आता ते नका काढू," मास्तर म्हणाले, आणि दोघं दारातच वाद घालू लागले. मला कुणी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी थोडा वेळ पायरीवर उभी राहिले, मग फाटक हळूच लावून निघाले.