पुसलेले पंजे

मी एक जुनी गादी आहे. परंतु झोपण्यासाठीची नव्हे, पडण्यासाठीची. हा भेद क्षुल्लक नाही, मित्रांनो. दोराविना मोठमोठ्या धोंड्यांवर चढणारी माणसे हात सुटला म्हणजे जिच्यावर कोसळतात, ती मी. एका कारागिराने वरचा थर कठीण व खालचा मऊ ठेवून मला शिवले आणि पाठीवर घेण्यासाठी पट्टे लावले. "पडणाऱ्यानं खुशाल पडावं, हिनं चुकू नये," असे तो म्हणाला. त्याहून मोठी शाबासकी मला पुढे मिळाली नाही.

माझा मालक दंतवैद्य होता. शहराजवळचे धोंडे त्याला उष्ट्या ताटासारखे वाटत. कोणाचाही हात न लागलेला कातळ शोधण्यासाठी तो मला पाठीवर घेऊन दोन-दोन दिवस चाले; बरोबर धाकटी बहीण असे. घामाने हात निसटू नये म्हणून दोघेही तळव्यांना पांढरी पूड लावत. त्या पुडीने हातांचे पंजे दगडावर उमटत, आणि परतण्यापूर्वी आपले ठसे ब्रशने पुसून टाकण्याचा त्यांचा नेम होता. आपले, दुसऱ्यांचे नव्हे.

वाट संपल्यावरही अर्धा दिवस चालून एका ओसाड घळीत त्यांना तो कातळ सापडला. उंची दोन पुरुषांहून अधिक. भोवती पाऊलवाट नव्हती, शेकोटीची राख नव्हती; कातळावर मात्र पांढरे पंजे होते.

"दादा, आपल्याआधी कोणीतरी येऊन गेलंय."

"गेलंय ना? मग झालं तर." त्याने ब्रश काढला. "आता आपणच पहिले."

"लोकांचे दातही असेच घासून मोकळा होतोस वाटतं."

तो हसला आणि मागच्या बाजूचेही ठसे पुसून आला. मला कातळाखाली अंथरून बहीण चढू लागली. ती माथ्यावर पोहोचली, तोच घळीत धुके उतरले आणि माझ्यावर काहीतरी टेकले. त्या दोघांची वजने मला पाठ होती. हे तिसरे होते. कोणी आडवे व्हावे तसे ते टेकले, आणि उठले नाही.

"दादा, उतरायचं कुठून? खालचं काही दिसत नाही." मग थोड्या वेळाने, "मागचे पंजे कसे होते रे?"

"बोटं खालच्या अंगाला होती."

"म्हणजे तीच उतरायची वाट. आणि तू ती पुसलीस."

आता उडीवाचून गत्यंतर नव्हते. मला पुढे ओढावे म्हणून त्याने दोन्ही हातांनी पट्टे धरले. मी तसूभरही हलले नाही. दात-ओठ खाऊन तो ओढत राहिला, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात ती धुक्यातून आली आणि नेमकी माझ्या मध्यावर पडली. दादाने ठरवले होते तिथे मला ओढून नेले असते, तर ती उघड्या खडकावर पडती.

"तू 'इथे, इथे' म्हणत राहिलास म्हणून बरं," ती धापा टाकत म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिले. मग ब्रश तिथेच टाकून त्याने घाईघाईने माझी घडी घातली.

त्यानंतर मी माळ्यावर आहे. मित्रांनो, दुसऱ्याची खूण पुसण्यापूर्वी ती कोणासाठी ठेवली आहे, एवढे विचारीत जा. आणि कधी मला उघडलेत, तर जरा हळू उघडा. दादा म्हणतो, जुनी गादी ओल धरते, म्हणून ती जड लागते.

मी कोरडी आहे.