डाग ज्याचा, टाचणी त्याची

तिचं खरं नाव घरात फक्त रागावताना घेत. एरवी ती फाटेबाई, कारण साध्या "जेवायला ये"लाही ती तीन फाटे फोडायची. अशा मुलीने वकीलच व्हावं, हे बाबांनी ती सहा वर्षांची असतानाच, बहुधा थकून, ठरवून टाकलं होतं. आता दोन महिन्यांनी कायद्याचं कॉलेज सुरू होणार, आणि नेमका आत्ताच तिला स्वतःच्या बाबतीत फाटा फुटला. घरच्यांशी हुज्जत घालता येते म्हणून कायदा आपल्यासाठी, हे सिद्ध कुणी केलं? मावसभाऊ चार वर्षं इंजिनिअरिंग शिकला आणि मग त्याला कळलं की यंत्रांचा आवाजच सोसत नाही. तशी गत आपली होऊ नये, ही तिची खरीखुरी भीती होती.

म्हणून कॉलेजआधी काहीतरी करून बघायचं होतं. आत्या ज्यांच्या बायकोबरोबर पोहायला जायची, ते एक बडे वकील. त्यांच्याकडे इंटर्नशिप, सोमवारपासून, दिवसभर. फाटेबाईने अर्जाचं तीन पानी पत्र अकरा वेळा लिहिलं, आत्याने ते पोचवलं, आणि "पाठवा" असा निरोप आला. तो आत्याने इतक्या जणांना सांगितला की नाही म्हणायची सोयच उरली नाही.

दुसरीकडे कोपऱ्यावरची लाँड्री. तिथे ती पंधरा दिवस दुपारी काउंटरवर बसत होती. मालकीणबाई चिंधीलाही जपून हाताळणाऱ्या, पण माणसांच्या बाबतीत रोखठोक.

"सोमवारपासून येणार की नाही, ते शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत सांग," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी दुसरी मुलगी बघते."

"लोकांचे मळके कपडे मोजायला वकिलाला नकार देणार?" आत्या म्हणाली. "भाची म्हणून ओळख सांगायची लाज वाटेल मला."

त्या दुकानाचा एक नियम होता. कपड्यावर डाग असेल तर गिऱ्हाईकाने स्वतःच्या हाताने तिथे टाचणी लावायची. टाचणी दिसली की आतला माणूस त्या जागेवर मेहनत घ्यायचा. नसेल तर कपडा नुसता धुऊन बाहेर. ऐकायला सोपं, पण टाचणी हातात आली की भल्याभल्यांची बोबडी वळायची. एका बाईंनी नवऱ्याच्या शर्टाला नऊ टाचण्या लावल्या आणि स्वतःच्या पदरावरचा चहा त्यांना शेवटपर्यंत दिसला नाही. फाटेबाईला या कामात भयंकर मजा येत होती, पण मजा येते म्हणजे ते काम नव्हे, असं तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

बुधवारी वकीलसाहेब स्वतः कोट घेऊन आले. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांना पावतीवरच्या नावावरून ओळखलं. बाहीवर सुपाचा डाग होता, चांगला तळहाताएवढा. तिने टाचणी पुढे केली.

"डाग नाहीये," फोनवर बोलता बोलता ते म्हणाले.

तिने पावतीवर लिहिलं, "बाहीवर डाग. गिऱ्हाईकाला दिसला नाही." त्यांनी खाली सही ठोकली आणि निघून गेले.

मग नेहमीप्रमाणे तिने खिसे तपासले. आत तिचंच पत्र निघालं. तिसऱ्या पानात चघळलेलं च्युइंगगम गुंडाळलेलं होतं, पहिली दोन पानं उघडलेलीही नव्हती. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला. खिशातली वस्तू पाकिटात घालून कोटाला अडकवायची, हाही नियमच. तिने तो पाळला. अपमान झाला तरी कोर्ट बघायचं तर याच माणसामागून जायला हवं होतं, म्हणून शनिवारपर्यंत तिचं काही ठरेना.

शनिवारी वकीलसाहेब कोट उलगडून गरजले, "हा डाग तुम्ही पाडलात."

मालकीणबाई पुढे होणार, तेवढ्यात फाटेबाईने पावती काउंटरवर ठेवली. "सही तुमचीच ना? वर काय लिहिलंय तेही वाचा."

त्यांनी वाचलं. कान लाल झाले. मग ते हसले. "तू आमच्या ऑफिसात यायला हवंस."

"सोमवारपासून बोलावलंयत तुम्ही. अर्ज त्या पाकिटात आहे. जपून उघडा, चिकट आहे."

पाकीट उघडल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. इलाजच नव्हता, म्हणून उभ्या उभ्या त्यांनी पत्र वाचलं आणि एका ओळीवर थांबले. "'चूक आपली असताना माणूस काय काय बोलतो, ते मला जवळून ऐकायचं आहे.'" त्यांनी वर पाहिलं. "छान लिहिलंयस. खरं सांगू? आमच्याकडे महिनाभर तू फायलींना नंबर घालशील."

आपलंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना तिला कळलं, पंधरा दिवस आपण दुसरं ऐकतोय काय? मजा येत होती ती याचीच. कायदा तिचाच होता. आता त्याबद्दल तिला शंका उरली नाही आणि छातीवरचं ओझं उतरलं.

तिने टाचणी पुढे केली.

वकीलसाहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा मालकीणबाईंकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्वतःच्या बाहीला टाचणी लावली.

"कधी मिळेल?"

"सोमवारी दुपारी," ती म्हणाली. "मी इथेच असेन."

मालकीणबाईंनी टाचण्यांचा डबा तिच्या बाजूला सरकवला.

"आणि तुझ्या आत्याला काय सांगू?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मी तुमच्या कोटाचा खिसा तपासला, म्हणून सांगा."