शरणम्माची कोरडी पूजा

उदगीरच्या घराची पश्चिमेची भिंत महादेवप्पांनी दुहेरी बांधून घेतली होती. मध्ये वीतभर पोकळी, म्हणजे बाहेरून पाऊस कितीही झोडपो, आतली भिंत कोरडी. ते गेले आणि पोरगा शहाणा झाला. रविकिरणला वाटलं, पोकळी नुसती वाया चाललीय; आपल्या डाळमिलीत तुरीची टरफलं ढिगानं पडलीत, ती वरून ठासून भरली की ऊन आत येणार न्हाई. मे महिन्यात खोली खरंच गार राहिली. पठ्ठ्या गल्लीभर सांगत फिरला.

श्रावणात त्या भिंतीला ओल आली. आधी कोपऱ्यात, मग कमरेपर्यंत, वर काळी बुरशी. आणि त्याच भिंतीपाशी बसायची त्याची म्हातारी आई, शरणम्मा. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, तांब्यातलं पाणी वाहायचं, भस्म लावायचं. त्याशिवाय तोंडात घास घालायचा न्हाई, हा तिचा लहानपणापासूनचा नेम.

घ्या, सापडला चोर! सून मंजुश्री म्हणाली, अव्वा रोज पाणी सांडतात. रविकिरणनं तांब्या उचलून नेला आणि कोरडी पूजा कर म्हणून बजावलं. थेंबन् थेंब आपण तीर्थ म्हणून पिऊन टाकतो, असं म्हातारीनं परोपरीनं सांगितलं. ऐकतंय कोण?

मग ती जेवेना. रुसलीय, भूक लागली की खाईल, असं घरात ठरलं. मेल्यांचं खरंही झालं. एका दुपारी लिंगाला नुसतं भस्म लावून तिनं भाकरी खाल्ली, आणि नवऱ्याच्या फोटोकडं बघायचीही तिला लाज वाटली.

तांब्या गेला तरी ओल चढतच होती. शेवटी संगप्पा गवंड्यानं बाहेरून चार विटा काढल्या. आतून काळा, कुजका, ओला गाळ भसकन खाली आला. पावसाचं पाणी टरफलांतून झिरपत सरळ आत पोचलं होतं. रविकिरणनं मूठभर उचलून पिळलं, तर धार लागली. गल्ली नाकाला पदर लावून बघत होती.

शरणम्मा दारात उभी होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"आता तांब्या देतोस का रे?"

रविकिरणनं एकदा गल्लीकडं पाहिलं, हात पँटला पुसले.

"बघ अव्वा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किती पाणी मुरवलंस तू."

संगप्पा खाली मान घालून विटा रचू लागला. म्हातारी आत गेली, आणि ज्याचा एक थेंब तिनं कधी सांडला नव्हता, त्या पाण्यासाठी तिनं सुनेची माफी मागितली.