ओरिनाची काठवट

ऑगस्ट १९१६, दुपारचे चार. इसिक-कुल सरोवराच्या पूर्वेला लिपोव्का गावात गव्हाची कापणी चालली होती. टेकडीवरून घोडेस्वार उतरले तेव्हा गावात एकही बंदूक नव्हती. होत्या तेवढ्या झारच्या सरकारनं आधीच गोळा करून नेल्या होत्या.

मी काठवट बोलतेय. ओकच्या फळ्यांची, पिंपासारखी खोल, वर झाकण. ओरिनाच्या आईनं मला युक्रेनहून बैलगाडीत घालून इथं आणलं. मला कधी धूत नाहीत. तळाशी थोडं आंबलेलं पीठ, म्हणजे खमीर, राखतात, त्यावर उद्याचा पाव फुगतो.

गावाची जमीन मुळात किरगिझ मेंढपाळांचं हिवाळी कुरण, सरकारनं ती आमच्या लोकांना वाटली. त्यात त्यांच्या पोरांना महायुद्धाच्या वेठीला धरायचा हुकूम निघाला आणि भडका उडाला. पण ओरिनाच्या नवऱ्यानं, पन्तेलेयनं, कुणाचं काय घोडं मारलं होतं? तो दाताळं घेऊन फाटकात उभा राहिला आणि भाला लागून तिथंच कोसळला. घर पेटलं. बैल हाकून नेले.

ओरिनानं मला पाठीशी बांधलं आणि ओढ्यात उडी घेतली. तिथं तिला सोरोनबाय भेटला. पलीकडच्या तळावरचा किरगिझ मेंढपाळ. त्यानं तिला गुपचूप आपल्या तंबूत नेऊन घोंगड्यांखाली दडवलं.

"घर जळलं, आणि ही बया लाकूड घेऊन पळाली!" त्याची बायको उलकान म्हणाली.

"लाकूड नाही गं, माझ्या आईचं खमीर आहे."

"मग आधी त्यालाच झाक. असा वास सुटलाय, सगळा तळ गोळा होईल!"

ओरिना हसली आणि मग तिला रडू फुटलं. उलकान तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सरकारी फौज जवळ आल्याची खबर लागली तेव्हा सोरोनबाय तिला आडवाटेनं शहराकडे सोडायला निघाला. "वहिनी, हे धूड घोड्यावर दिसलं तर दोघंही मरू," तो म्हणाला. ओरिनानं मला उलकानच्या हवाली केलं. "धुऊ नकोस. अधूनमधून पीठ घालत जा."

तो परतला, आणि पाठोपाठ फौजेनं दिलेल्या बंदुका घेऊन लिपोव्काच्या गावकऱ्यांची टोळी आली. पुढे होता डेमिद, पन्तेलेयचा भाऊ. त्यानं मला ओळखलं.

"ही माझ्या भावाच्या घरची!"

"वहिनीनंच ठेवायला दिलीय. ती जिवंत आहे, शहरात आहे. जाऊन विचार."

"लुटायचं आणि वर वहिनी म्हणायचं?"

डेमिदनं दारातच त्याला गोळी घातली. मी तिथंच होते, आणि मला तोंड नव्हतं. उलकान बाकीच्यांबरोबर घाट चढून चीनच्या बाजूला गेली. पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही.

डेमिदनं मला शहरात ओरिनापुढे आणून ठेवलं. "घे वहिनी, सोडवून आणली."

तिनं झाकण काढलं. पीठ ताजं होतं, बुडबुडे येत होते. "हे कुणी घातलं?" तिनं विचारलं. "एका किरगिझाच्या तंबूत सापडली. दारातच गोळी घातली त्याला," डेमिद म्हणाला. तिला जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मला कडेवर घेऊन, नुकसान नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. नवरा, घर, बैल, सगळं तिनं एकेक करून सांगितलं.

"आणि काठवट. लुटली ना?"

"नाही. मी दिली होती. आता लिहा. पन्तेलेयला बंडखोरांनी भाल्यानं मारलं. सोरोनबायला डेमिदनं गोळीनं मारलं."

"बाई, इथं फक्त आपल्या लोकांचं नुकसान लिहितात."

"साहेब, माझा जीव त्यानं वाचवला. हे नुकसान माझंच आहे."

त्यानं लेखणी खाली ठेवली. ती पुन्हा गेली. मग परत गेली. दर खेपेला तिला दारातूनच हाकलतात.

आता ती शहरातच, बहिणीच्या गोठ्यात राहते. रोज पहाटे माझ्यात पीठ मळते, पाव विकते, आणि दर सोमवारी त्या कचेरीच्या पायरीवर जाऊन बसते. वाचणाऱ्यांनो, मला जपून ठेवू नका. मला साक्षीला बोलवा.

पन्तेलेयला भाला मारणारा कोण, ते कुणी शोधलं नाही. डेमिद या वसंतात गावचा मुखिया झाला. सोरोनबायबद्दल त्याला अजून कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही.