एका दोरात पडणारं देऊळ

भटूला लिंबायतच्या खानदेशी वस्तीत सगळे पेंटर म्हणत. तो स्वतःला आर्ट डायरेक्टर म्हणवून घेई. गणेश मंडळांचे देखावे करून करून त्याची खात्री झाली होती, की थर्माकोलचा हिमालय उभारणाऱ्याला मुंबई काही लांब नाही. ते नव्वदचं दशक होतं, टीव्हीवर देवांचा नुसता सुकाळ. जो उठे तो पौराणिक मालिका काढी. साड्यांचा धंदा सोडून जसवंतशेठ निर्माते झाले, मग भटूनेच काय घोडं मारलं होतं?

शेठनी चलथाणजवळ उसाच्या शेताकडेला जागा घेतली आणि भटूला बोलावलं. "भटूभाई, मंदिर एकदम असली लागना चाहिए. पण आखरी सीनमें भूकंप आएगा, एटले धडाम! एक झटके में गिरना मांगता. गिरा, तो मुंबई के सब सेट तुम्हारे."

भटूने जीव ओतला. बांबू, गोणपाट आणि प्लास्टरचं देऊळ, आत प्लास्टरचीच देवी; गाठी अशा मारलेल्या, की मागचा एक दोर ओढला की कळसासकट सगळं जमिनीवर. खरी कारागिरी ती होती, पण ती कुणाला दिसणार? म्हणून पठ्ठ्याने गाभाऱ्याला काजळी फासली, पायऱ्या घासून झिजवल्या, भिंतीवर तेलाचे ओघळ काढले. नारळ फोडायला दारात दगडसुद्धा ठेवला.

एका सकाळी ऊसतोडीला आलेली एक बाई पायरीवर डोकं टेकवून गेली. "बाई, हे खोटं आहे," एवढं सांगायला काही पैसे पडत नव्हते. पण भटूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी ती चौघींना घेऊन आली, तर नारळ कुठे फोडायचा तेही यानेच दाखवलं. मग काय, पार कामरेजपासून लोक यायला लागले. भटू बाजूला उभा राहून प्रत्येक नमस्कार स्वतःच्या खात्यावर जमा करी.

आपला पराक्रम दाखवायला त्याने आईला, मालतीबाईंनाही आणलं. त्यांनी देवीपुढे पदर पसरला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या, डोळे पुसले. पोराची कला पाहून माय गहिवरली, असं भटूला वाटलं.

देऊळ पाडायचा दिवस उजाडला. कॅमेरे लागले, भटूने दोर हातात घेतला. इतक्यात मालतीबाई आल्या आणि थेट पायरीवर बसल्या. त्यांच्यामागे गावातल्या बायकांची ही गर्दी.

"माय, ऊठ. शूटिंग शे."

"शूटिंग ऱ्हाऊ दे. मी देवीले नवस बोलेल शे. जोपावत फिटस नही, तोपावत तिले हात लावू देवाव नही."

"कसाना नवस?"

"तुले मुंबईनं काम भेटू दे म्हनीसन."

भटूने कपाळावर हात मारला. "अवं माय, ती पडनी म्हंजेच काम भेटी! प्लास्टरनी शे ती. मीच करेल शे तिले."

"तुले बी मीच करेल शे. म्हनीसन तू खोटा शे का?"

भटूने शेठकडे पाहिलं. शेठनी बायकांची गर्दी पाहिली आणि आधी बूट काढले. घाबरले होते, पण चेहऱ्यावर भक्ती आणली. उभ्या उभ्या त्यांनी कथा बदलली: भूकंपात सगळं नगर पडतं, देऊळ तेवढं उभं राहतं! तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला.

निघताना शेठ भटूला म्हणाले, "तुम तो पक्का कारीगर निकले, भटूभाई. हमको कच्चा चाहिए." मुंबईला त्यांनी दुसराच पेंटर नेला. त्याचा महाल आधीच एकदा वाऱ्याने आपोआप पडला होता.

देऊळ अजून उभं आहे. पावसाळा आला की प्लास्टर सुटतं, गोणपाट कुजतं, आणि गावकरी भटूला बोलावतात. बोर्डावर देणगीदारांची नावं आहेत, त्याचं नाही. देवी स्वयंभू आहे म्हणे. पडायला बांधलेलं देऊळ पडू न देणं, एवढंच काम त्याच्या वाट्याला उरलं आहे.

मालतीबाई दर मंगळवारी येतात. "देवी, मन्हा भटूले मुंबईनं काम भेटू दे," असं आता मोठ्याने म्हणतात, कारण देवीला कमी ऐकू येतं अशी त्यांना शंका आहे. मूर्तीमागे सांगाड्यात बसलेला भटू ते ऐकतो. तो दोर अजून त्याच्या हाताशीच आहे. त्याला राग येतो, रडू येतं, एकदाचं ओढून टाकावंसं वाटतं. मग तो वाकून दोराची गाठ आणखी आवळतो, कारण पुढ्यात, बरोबर कळसाखाली, माय बसलेली असते.